फोर्कलिफ्टची खुर्ची आणि फराळाची साखर

१ जुलै, मंगळवार. सामरवरणी, सिल्वासा.

आजपासून रोजनिशी. कंपनीच्या डॉक्टर केतकी मॅडमनी सांगितलं, रोज काय खातोस ते लिहून ठेवत जा. मॅडम मुंबईच्या, दर मंगळवारी कंपनीत येतात. मी म्हटलं, नुसतं खाणं कशाला, विचारही लिहू. मात्र ही वही कुणाला दाखवायची नाही. मॅडमनाही नाही.

घडलं ते असं. आमच्या धाग्याच्या, म्हणजे यार्नच्या कंपनीत दसऱ्याला माल उचलायची नवीन गाडी, फोर्कलिफ्ट येणार. जुना ऑपरेटर वापीला गेला. डिस्पॅचचे मॅनेजर कल्पेशभाई यांनी खुर्चीसाठी दोन नावं काढली. एक मी आणि दुसरा माझा रूमपार्टनर संजू. जो बसेल तो ठेकेदाराकडून सुटला, थेट कंपनीच्या रोलवर. मी रोलवर गेलो की टोकरखाड्याला खोली घेणार आणि कावेरीला गावाहून आणणार. लग्नाला दीड वर्ष झालं. ती तिकडे पारोळ्याजवळ गावी, मी इकडे संजूच्या घोरण्यात.

कल्पेशभाईंची पसंती मीच. संजूने जुन्या गाडीने एकदा आख्खा रॅक पाडला आहे. मी आजवर एक खोकासुद्धा चेपला नाही.

पण मेडिकल झालं. संजू पास. माझी साखर निघाली. वय अठ्ठावीस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक टेस्ट असते, ती ८.२ आली. मॅडम म्हणाल्या, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत तपासू. सातच्या खाली आणलंस तर फिटवर सही करते. नाहीतर त्या गाडीवर बसायचं नाही.

८.२ मधून ७ गेले, उरले १.२. यासाठी मॅडमनी अर्धा तास घेतला.

एक गोळी दिली, दोन वेळा, जेवणानंतर. भाकरी, डाळ, भाजी, भात कमी, गोड बंद, रोज चालणं. मला हे सगळं माहीतच होतं.

कावेरीला काही सांगायचं नाही. उगाच काळजी करेल.

३ जुलै, गुरुवार.

साखर बंद. चहात गूळ. साखर कारखान्यात बनते, गूळ शेतात बनतो. गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून दोन खडे जास्त टाकावे लागतात.

आमची खानावळ आक्काबाईची. बाई नंदुरबारकडच्या, सामरवरणीत पंधरा वर्षं पोरांना जेवू घालतात. म्हणाल्या, भाऊ, गूळ काय कडू असतो का. मी वाद घातला नाही. अकरावीपर्यंत शिकलेल्या माणसाने कुठेकुठे वाद घालावा.

५ जुलै, शनिवार.

साखर मोजायचं मशीन आणलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर ठेवायचा, आकडा येतो. सुई टोचायला मला जरा वेळ लागला. संजू अंघोळ करून, कपडे वाळत घालून आला तरी मी बोटाकडे बघत होतो. मग त्यानेच टोचली.

जेवणानंतर दोन तासांनी १९८. संजूने हौस म्हणून स्वतःची बघितली. त्याने भात दोनदा घेतला होता आणि वर श्रीखंड. १०४.

मशीन चांगलं आहे, पण संजूच्या बाबतीत भोळं आहे.

१३ जुलै, रविवार.

आज मोठा शोध लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी संजूने जिलेबी आणली. मी खाल्ली नाही. फक्त एकमेकींना चिकटलेल्या जिलेब्या त्याला सोडवून दिल्या. नंतर साखर बघितली तर ३९१. संजू म्हणाला, भो, तू तर आख्खा हलवाईच निघाला. मी घाबरलो. तोंडाला कोरड पडली. मशीन विकणाऱ्या मेडिकलवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, हात धुतला होता का. धुतला नव्हता. धुऊन बघितलं तर १७६.

म्हणजे आकडा रक्ताचा नसून बोटाचाही असू शकतो. आजवर जितके आकडे वाईट आले, त्यातले बरेचसे बोटाचे असणार. मनावरचा भार उतरला. त्या आनंदात अर्धी जिलेबी खाल्ली.

२० जुलै, रविवार.

भात बंद. कायमचा.

सकाळी पोहे, दुपारी इडली, संध्याकाळी भेळ. पोटाला एकदम हलकं वाटतं. संजू म्हणाला, भो, पोहे काय कापसाचे करता का. इडली कशाची असते, आणि मुरमुरे काय झाडाला लागतात. मी म्हटलं, भात म्हणजे शिजवलेला तांदूळ. कांडलेला, वाटलेला, फोडलेला या वेगळ्या गोष्टी आहेत. तो म्हणाला, तू वकील व्हायला पाहिजे होता.

जेवणानंतर २०७. हात धुतला होता, पण टॉवेल संजूचा होता.

२९ जुलै, मंगळवार.

कंपनीच्या दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर ‘मधूमेह जनजागृती’ असं लिहिलं होतं. मी पुसून ‘मधुमेह’ केलं. मॅडमनी खिडकीतून पाहिलं. म्हणाल्या, शब्द सुधारलास, आता माणूस सुधार. मॅडम विनोदी आहेत.

३ ऑगस्ट, रविवार.

चालायला सुरुवात. टोकरखाड्याच्या बागेत हवा चांगली असते. सामरवरणीहून लांब पडतं, म्हणून जाताना रिक्षा. येताना दमलेला असतो, म्हणून येतानाही रिक्षा.

बागेच्या दाराशी एक माणूस कारल्याचा रस विकतो. मोठ्या गाडीतून उतरणारे लोक त्याच्याकडे रांग लावतात. मीही एक ग्लास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारीच उसाचा रस होता, त्याने तोंड ठीक केलं.

हिशोब सोपा आहे. एक कडू, एक गोड. दोन्ही पोटात जाऊन भिडतात. कारलं जास्त कडू, म्हणून शेवटी कारलं जिंकतं.

१० ऑगस्ट, रविवार.

गोळी थांबवली. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी आळस म्हणायला नको. माझी साखर उतरते आहे ती माझ्या प्रयत्नाने की गोळीने, हे कळायला हवं. दोन्ही एकदम चालू ठेवलं तर श्रेय कुणाचं?

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदनानंतर कल्पेशभाईंनी जुन्या गाडीवर हात साफ करायला दिला. मी मालाने लादलेले चार लाकडी पॅलेट रॅकवर ठेवले. शेवटचा ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नाही. कल्पेशभाई म्हणाले, वाह गोकुळ, तू तर बाळाला पाळण्यात ठेवतो तसा माल ठेवतो. बस तारी साखर उतार, बाकी हूं जोई लईश. म्हणजे बाकीचं ते बघून घेतील.

संजू बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचा स्वभाव चांगला आहे. आपण रॅक पाडल्याचं त्याच्या लक्षातही नाही.

कावेरीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अहो, खोलीत मोरी आतच आहे ना. खोली अजून बघितली नव्हती, पण मी म्हटलं, आत. ती म्हणाली, मग मी आजीचा तांब्याचा हंडा घेऊन येते, तो बाहेर ठेवला तर कुणी उचलेल. तिने सामानही काढायला घेतलं आहे. अजून दोन महिने आहेत म्हटलं, तर म्हणाली, दीड वर्ष थांबले त्यात दोन महिने कुठे दिसतात.

हे ऐकून दिवसभर काम सुचलं नाही. संध्याकाळी फक्त एक लस्सी.

२६ ऑगस्ट, मंगळवार.

मॅडमना भेटलो. त्यांनी वही मागितली. मी निवडक भाग वाचून दाखवला. कारल्याचा हिशोबही सांगितला. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गोकुळ, पोट म्हणजे पाटी नाही, कडू लिहून गोड पुसायला. भात, पोहे, इडली, मैदा, सगळ्याची आत गेल्यावर साखरच होते. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे सावकाश जातात, म्हणून ते बरे. धान्याचं माप धर. भाकरी एक, फार तर दीड. आणि गोळी घेतोस ना.

मी म्हटलं, त्याचा अभ्यास चालू आहे.

मॅडमचं बोलणं लांब असतं, पण सार काढता आलं पाहिजे. सार असं, की दोष धान्याचा आहे.

त्या हेही म्हणाल्या, की तीन महिन्यांची टेस्ट आहे, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मॅडम क्रिकेट बघत नसणार. रनरेट शेवटच्या षटकांतच वर काढतात. आपल्याला खाली आणायचा आहे, एवढाच फरक.

२७ ऑगस्ट, बुधवार.

गणपती. टोकरखाड्याला रमाकांत सरांकडे खोली बघायला गेलो. सर सरकारी शाळेत शिकवतात, मूळचे कोकणातले. माणूस स्वच्छ. दसऱ्यापर्यंत खोली कुणाला देत नाही म्हणाले. पूर्वेला खिडकी, मोरी आत.

त्यांच्याकडे मोदक होते. पाच खाल्ले. आमच्याकडे तळतात, यांचे उकडीचे. तेलाचा थेंब नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार.

कावेरीने विचारलं, खिडकीचा पडदा कसला हवा. मी म्हटलं, तुला आवडेल तो. तिने निळा घेतला आहे.

जेवणानंतर २२१. नवीन टॉवेल घ्यायला हवा.

२० सप्टेंबर, शनिवार.

सापडलं.

सोमवारी घट बसतात. नऊ दिवसांचे उपास धरायचे. उपासाला गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही, ज्वारी-बाजरी काही चालत नाही. दोष धान्याचा आहे हे मॅडमनी सांगितलंच आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या आजारावर उपाय आधीच करून ठेवला होता. त्यांना फक्त मशीन माहीत नव्हतं.

नऊ दिवस धान्याचा कण नाही. वरून देवीचा आशीर्वाद. टेस्ट त्याच्या पुढच्या आठवड्यात. इतकं जुळून आलेलं मी कधी पाहिलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

सकाळी आक्काबाईंना सांगितलं. त्यांनी एकदम पदर सावरला आणि म्हणाल्या, नऊही दिवस का भाऊ, आजकालच्या पोरांत अशी भक्ती राहिली कुठे. तुझं फराळाचं मी करते, तू काळजी करू नको. दुपारी ताट आलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर दोन केळी. मी म्हटलं, आक्का, एवढं नको. त्या म्हणाल्या, देवीचं आहे, ताटात टाकू नये.

देवीचं असल्यामुळे टाकलं नाही.

कावेरीला फोन केला. नोकरीसाठी उपास धरला म्हटलं. ती म्हणाली, मग मीपण धरते. तुमची नोकरी म्हणजे माझीच खोली की. मी म्हटलं, अंगाला झेपेल तेवढंच कर. ती म्हणाली, माझं सोडा, तुम्ही भट्टीसारख्या गोडाऊनमध्ये राबता, काहीतरी पोटात टाकत जा.

तिचा शब्द मी मोडणार नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

उपासाची बातमी कंपनीभर झाली. पॅकिंगच्या मुलींनी फराळी चिवडा आणला, बटाट्याचा, गोडसर. कल्पेशभाईंनी घरून राजगिऱ्याची पुरी आणि दुधीचा हलवा आणला. म्हणाले, फराळी छे, खा ने. मोठ्या साहेबांनी लांबून हात जोडले. अकरावीत शाळा सुटल्यापासून इतका मान मिळाला नव्हता.

आज मंगळवार, पण मॅडम सुट्टीवर. बरं झालं. एकदम निकालच दाखवू.

२४ सप्टेंबर, बुधवार.

जेवणानंतर २५८. हात धुतले. २६३. नवीन टॉवेलने पुसले. २६१.

साबण चंदनाचा आहे, पण वेष्टनावर मधाचं चित्र आहे. साबण बदलला. २६९.

मशीन परदेशी आहे. त्याला नवरात्र कुठून माहीत असणार. नऊ दिवस मशीन कपाटात ठेवायचं ठरवलं. श्रद्धेच्या कामात सारखं मोजमाप बरं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

संजू कुरकुरतो आहे. आक्काबाईंचा सगळा जीव माझ्या ताटात. बाकीच्यांना रोज भाकरी, तुरीची डाळ आणि मेथी. संजू म्हणाला, भो, उपास तुझा आणि उपाशी मी. एक वाटी खिचडी इकडे सरकव. मी म्हटलं, व्रताचं आहे, उष्टं होईल. तो म्हणाला, तुझ्या व्रताला तुपाची धार लागली भो, आमच्या डाळीत डाळ शोधायला लागते.

गरबा बघायला गेलो. खेळलो नाही, पण लोकांना खेळताना पाहूनही अंगातून घाम जातो. येताना फराळी पॅटिस.

२८ सप्टेंबर, रविवार.

शरीर शुद्ध होतंय. लक्षणं लिहून ठेवतो.

तहान खूप लागते. हंडा मीच संपवतो. लघवीला सारखं जावं लागतं, म्हणजे साखर त्या वाटेने बाहेर पडते आहे. पँट सैल झाली. जिभेला कोरड, ती बहुतेक नामस्मरणाने. आक्काबाई म्हणाल्या, तोंड उतरलं रे तुझं. मी म्हटलं, हे उपासाचं तेज. त्यांनी उद्यापासून रात्री केळ्याचं शिकरण वाढवायचं ठरवलं.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी.

एक छोटी घटना. लिहिलीच पाहिजे असं नाही, पण मी प्रामाणिक आहे.

कल्पेशभाईंनी पुन्हा जुन्या गाडीवर बसवलं, मोठ्या साहेबांना दाखवायला. सकाळपासून डोळ्यांपुढे थोडं धूसर होतं. फोर्कलिफ्टला पुढे दोन काटे असतात. मला आज चार दिसले. त्यातले दोन खरे असणार, म्हणून मधले दोन धरून गाडी पॅलेटमध्ये घातली. मधले खरे नव्हते.

यार्नचे खोके घरंगळत थेट साहेबांच्या बुटापर्यंत गेले. साहेबांनी बुटाकडे पाहिलं. कल्पेशभाई म्हणाले, साहेब, एने नव दिवसनो उपवास छे, भूखने लीधे चक्कर आव्या हशे, म्हणजे भुकेने चक्कर आली असेल. साहेबांनी मान डोलावली आणि मला लगेच काहीतरी खायला द्या म्हणाले. सगळ्यांनी डबे उघडले.

मॅडम आज आल्या होत्या. दवाखान्यावरून जाताना मी वाकून गेलो. एक आठवडाच तर राहिला आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

उपास पूर्ण. नवीन फोर्कलिफ्ट आली. पिवळीधमक. झेंडूच्या माळा, काट्यांना कुंकू, चाकाखाली लिंबू. कल्पेशभाईंनी सगळ्यांसाठी फाफडा-जिलेबी मागवली होती. इथे दसऱ्याला ती खावीच लागते. कल्पेशभाईंनी पहिली जिलेबी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी आणली आणि म्हणाले, व्रत फळणार. वरिष्ठाच्या हातातली जिलेबी नाकारणं म्हणजे नोकरीची सुरुवातच चुकीची. नऊ दिवस मी जे कमावलं त्यातून थोडं खर्च झालं तर काय बिघडतं.

खुर्चीवर हात फिरवून पाहिला. प्लास्टिक अजून काढलं नव्हतं.

रमाकांत सरांना फोन केला, खोली पक्की समजा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

रक्त दिलं. लॅबच्या माणसाला विचारलं, रंगावरून काही अंदाज येतो का. तो म्हणाला, लाल आहे.

कावेरीला विचारलं, उपास कसे झाले. म्हणाली, झाले. आवाज बारीक होता. म्हणाली, सामान बांधून ठेवलंय, तुमचा फोन आला की निघते.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

९.६.

मी मॅडमना म्हटलं, हा संजूचा कागद असणार. त्यांनी नाव दाखवलं. गोकुळ. स्पेलिंगही बरोबर होतं.

मॅडमनी विचारलं, पंधरा दिवसांत काय खाल्लंस. मी म्हटलं, काहीच नाही, उपास होते. त्या म्हणाल्या, उपासाला काय खाल्लंस. मी सांगायला लागलो. साबुदाण्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. रताळ्यापाशी चष्मा काढला. शिकरणापाशी उठून खिडकीशी गेल्या आणि तिकडे तोंड करूनच बाकीचं ऐकलं.

मग म्हणाल्या, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ गोळ्या रे. भाताच्या वरताण. त्यावर बटाटा, त्यावर रताळं, त्यावर केळं. तुझ्या खोलीतला तो संजू ज्वारीची भाकरी, डाळ आणि मेथी खात होता ना, ते तुझं पथ्य होतं. ते तू त्याला दिलंस आणि स्वतः नऊ दिवस पंगतीत बसलास. तहान लागत होती का. लघवी? डोळ्यांपुढे धूसर? मी प्रत्येकाला हो म्हटलं. मला वाटलं, शुद्धीची लक्षणं त्यांनाही माहीत आहेत. त्या म्हणाल्या, अशा डोळ्यांनी तू त्या गाडीवर बसलास आणि समोर माणूस असता तर?

मला साहेबांचे बूट आठवले.

गोळीचं विचारलं. अभ्यासाचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बायकोला फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर.

लावला. मॅडमनीच स्पीकरवर सगळं सांगितलं, जुलैपासूनचं. फराळाची यादीसुद्धा. पलीकडून गायीच्या घंटेचा आवाज येत होता. मग कावेरी म्हणाली, मी नऊ दिवस एका वेळच्या दुधावर होते. यांच्या खुर्चीसाठी. मग मला म्हणाली, अहो, शिकरण रोज होतं का.

तेवढ्यात रेंज गेली. मी बंद केला नाही. रेंजच गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार.

संजू रोलवर. सकाळी खुर्चीवरचं प्लास्टिक त्यानेच फाडलं. कल्पेशभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, शुं करूं गोकुळ, मॅडमनी सही नथी. पाठमोरे झाल्यावर संजूला ओरडून म्हणाले, रॅकपासून लांब.

दुपारी संजू पेढे घेऊन माझ्याकडे आला. पेढा पुढे केला, मग आठवण झाली, म्हणून स्वतःच खाल्ला. म्हणाला, भो, मला काही हे पाहिजे नव्हतं. तोंडात पेढा असल्यामुळे नीट कळलं नाही, पण त्याचे डोळे खरं बोलत होते.

रमाकांत सरांना फोन करून खोली सोडली. ते म्हणाले, असू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हटल्यावर मी फोन ठेवला. जेवलो नाही. या वेळी खरंच काही खाल्लं नाही. मशीन काढलं नाही.

आता माझ्या योजनेचं परीक्षण केलं पाहिजे. योजना बरोबर होती. मॅडमनी आधी साबुदाण्याचं स्वतंत्र नाव घ्यायला हवं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

कावेरी फोन उचलत नाही. मी मेसेज पाठवला, की ही तात्पुरती माघार आहे, सहा महिन्यांत पुन्हा तपासणी आहे, तोवर तू काळजी करू नकोस, मी एकटा सांभाळतो. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

उत्तर आलं. एकटेच सांभाळत होतात म्हणून तर.

१२ ऑक्टोबर, रविवार.

कावेरी आली. न सांगता. वापीला एस.टी.तून उतरून, रिक्षा करून, डोक्यावर तांब्याचा हंडा, काखेत ज्वारीची गोणी, थेट आक्काबाईंच्या दारात. आधी रडली, मग माझ्याकडे बघून पुन्हा रडली. म्हणाली, किती वाळलात. मी म्हटलं, व्रताने. ती म्हणाली, ते नाव आता काढू नका.

आक्काबाईही रडल्या. म्हणाल्या, माझ्याच हाताने घातलं गं मी पोराला. दोघींनी एकमेकींना धीर दिला. मला कुणी दिला नाही.

खानावळीमागे एक खोली आहे, पूर्वी कांदे ठेवायचे तिथे. आक्काबाईंनी ती आम्हाला दिली. कावेरी उद्यापासून त्यांच्या चुलीपाशी हाताखाली. मोरी बाहेर आहे. खिडकी नाही. निळा पडदा तिने दाराला लावला.

एक मात्र आहे. कावेरीला दसऱ्यानंतर सिल्वासाला आणायचं ठरवलं होतं आणि ती दसऱ्यानंतर सिल्वासात आहे. मी हे तिला म्हटलं. ती म्हणाली, गोळी घेतली का.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

दुपारी खानावळीत गर्दी. कावेरीने माझं ताट स्वतः वाढलं. भाकरी दीड, मेथी, घट्ट डाळ, काकडी, ताक. संजूने स्वतःच्या भातावर वरण घेत माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, चावून खा, म्हणजे पुरेल.

मग मी कामावर निघालो, तर म्हणाली, दोन तासांनी सुट्टी काढून या. गेलो. दुसऱ्या पाळीची पंधरा माणसं जेवत होती, संजू चहाला आलेला. तिने पदराला हात पुसले, माझ्यासमोर पाटावर बसली आणि माझा हात हातात घेतला. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली, पण चारचौघांत तिने असा हात धरायची ही पहिलीच वेळ. बोटं एकेक करून चोळायला लागली. कुणीतरी खाकरलं. संजू म्हणाला, वा रे भो. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

तेवढ्यात तिने सुई टोचली.